उभ्या गाडीचा आवाज : पंखा, उष्णता आणि मराठी कान

वाहनांच्या इतिहासाचे आपल्याकडील लेखन बहुतांशी मार्गांचे, मालकीचे आणि भाड्याच्या दरांचे असते. गाडी कोणत्या साली कोठून कोठवर धावू लागली, तिचे परवाने कोणाकडे होते, सरकारने ती केव्हा ताब्यात घेतली, ह्या प्रश्नांची उत्तरे दप्तरांत मिळतात, म्हणून ते प्रश्न विचारले जातात. गाडीचा आवाज दप्तरात मिळत नाही. तो मिळतो भाषेत. म्हणजे लोकांनी त्या आवाजाला दिलेल्या नावांत, त्यासाठी योजिलेल्या क्रियापदांत, आणि तो ऐकून त्यांनी जी अनुमाने केली त्या अनुमानांत. प्रस्तुत लेखात अशाच एका आवाजाचा पूर्वेतिहास मांडण्याचे योजिले आहे. विजेवर चालणारी गाडी चार्जिंगला लावली असता तिच्यातून व तिच्या शेजारच्या यंत्रातून पंख्याचा जो आवाज निघतो, तो हा आवाज होय.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तेव्हा तो कोठे सुचला हे आधी सांगितलेले बरे. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावर आहे. येरमाळा मागे टाकून बीडच्या दिशेने निघालेल्या प्रवाशास ते लागते, आणि फटाक्यांच्या कारखान्यांमुळे ते महाराष्ट्रास ठाऊक आहे. ज्या गावात आवाज हाच विक्रीचा माल आहे, तेथील माणसाच्या कानाला आवाजाचे नावीन्य असण्याचे कारण नाही. फटाका वाजला की ४ मीटरांच्या अंतरावर १४५ डेसिबेलच्या शिखराहून तो अधिक होऊ नये, अशी मर्यादा १९९९ सालापासून कायद्याने घातलेली आहे; म्हणजे ह्या गावाचा धंदाच मोजलेल्या आवाजाचा. अशा परिसरात, ह्याच महामार्गाच्या कडेला चार्जिंगला लावलेल्या एका मोटारीपाशी उभ्या असलेल्या गृहस्थांनी काढलेला उद्गार प्रस्तुत लेखकाने टिपून ठेवला आहे : "गाडी तर बंद हाय, मग हे काय वाजायलंय?"

मराठवाडी बोलीतील 'वाजायलंय' हे रूप प्रमाण मराठीतील 'वाजत आहे' ह्याचे काम करते, इतके सांगून व्याकरणकार थांबेल. परंतु वाक्याची घडण ध्यानात घेतली पाहिजे. 'बंद' आणि 'वाजणे' ह्या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, असे बोलणाराने गृहीत धरले आहे. आणि त्या दोहोंमधील 'मग' हे अव्यय त्या विसंगतीवर बोट ठेवते. आवाज आहे तर यंत्र चालू आहे, यंत्र चालू आहे तर गाडी निघणार आहे, निदान निघू शकते, हा त्यामागचा अनुमानक्रम होय. हे गृहीत निसर्गसिद्ध नाही. ते सुमारे नव्वद वर्षांच्या मोटारवाहतुकीने घडविलेले आहे, आणि म्हणूनच त्याला इतिहास आहे.

आरंभ शब्दांपासून करू. वारा घालण्याच्या साधनाला संस्कृतात 'व्यजन' म्हणत. त्यापासून जुन्या मराठीत 'विंझणा' आला. 'पंखा' हा 'पंख' शब्दावरून, आणि तो 'पक्ष' शब्दाच्या प्राकृत रूपावरून. म्हणजे मराठीने पंख्याकडे पाहिले ते पाखराच्या अंगाने. इंग्रजीतील 'फॅन' शब्दाची वाट निराळी आहे. त्याचे मूळ धान्य पाखडण्याच्या लॅटिन सुपात, 'वान्नुस' ह्या शब्दात आहे. आपल्याकडे सूप हे 'शूर्प' ह्या शब्दाचे अपत्य. खळ्यावर वारा पाहून धान्य उपणणे हे शेतकऱ्याचे काम. पण सूप व पंखा ह्यांची नाती मराठीने जुळविली नाहीत. एक धान्यासाठी, दुसरा माणसासाठी. पुढे इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांतून छताला टांगलेला व दोरीने ओढावयाचा पंखा आला, त्याच्यासाठी इंग्रजांनी आपलाच देशी शब्द उचलला. तो पंखा ओढणारा माणूस बाहेर ओसरीत बसे आणि वारा आतल्या साहेबाला लागे. वारा एकाचा आणि श्रम दुसऱ्याचे, ही व्यवस्था तेव्हापासून कचेरीच्या स्मृतीत आहे.

ह्या सर्व पंख्यांत एक समान गोष्ट अशी की वारा लागतो तो माणसाला अथवा धान्याला. यंत्राने स्वतःलाच वारा घालून घेणे ही कल्पना मोटारीबरोबर आली, आणि ती आली ती इंग्रजी शब्द घेऊनच. आजही घराच्या छताला असतो तो पंखा. मोटारीच्या रेडिएटरामागे असतो तो बहुधा 'फॅन'. 'फॅनबेल्ट तुटला' असे मिस्त्री म्हणतो. 'पंख्याचा पट्टा तुटला' असे म्हणणारा मिस्त्री प्रस्तुत लेखकाला भेटलेला नाही. माणसाचा वारा आणि यंत्राचा वारा ह्यांत भाषेने केलेला हा भेद कोणी बुद्ध्या केलेला नाही, म्हणूनच तो विश्वसनीय पुरावा आहे.

मराठवाड्यात सार्वजनिक मोटारवाहतूक आली ती निजामाच्या राज्यातून. हैदराबाद संस्थानच्या रेल्वेखात्याने १९३२ साली रस्तावाहतुकीचा विभाग उघडला, त्या वेळी त्याजकडे २७ बसगाड्या होत्या. त्या काळच्या मोटारीत पंखा इंजिनाच्याच दांड्यावरून पट्ट्याने फिरे. इंजिन चालू तर पंखा चालू. इंजिन थांबले की पंखा थांबला. दोघांचा आवाज एकमेकांत इतका मिसळलेला असे की ऐकणाराच्या लेखी पंख्याला स्वतंत्र आवाजच नव्हता. ह्या रचनेत एक उणीव होती. चढावर गाडी सावकाश चाले, इंजिनावर भार अधिक, उष्णता अधिक, आणि नेमक्या त्याच वेळी पुढून येणारा वारा सर्वांत कमी असे. बालाघाटाच्या डोंगररांगा चढून आलेली गाडी माथ्यावर उभी करून, बॉनेट उघडून, पाणी उकळण्याचे थांबेपर्यंत वाट पाहणे हा ह्या भागातील प्रवासाचा नित्याचा भाग होता. 'गाडी तापली' हे वाक्य त्या थांब्यावरचे. लक्षात घ्यावे की तापलेली गाडी थंड होत असताना ती मुकी असे. शांतता हेच थंड होण्याचे लक्षण होते.

मध्यंतरी एक अपवाद होऊन गेला, आणि तो आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि देशभर अनेक बसगाड्या कोळशाच्या वायूवर चालविण्यात आल्या. गाडीला जोडलेल्या भट्टीत लोणारी कोळसा पेटवून त्यातून निघणारा वायू इंजिनाला पुरविण्याची ही योजना. भट्टी पेट घेईपर्यंत तिला वारा द्यावा लागे, आणि त्यासाठी हाताने फिरवावयाचा एक पंखा असे. पहाटे गाडी सुटण्यापूर्वी क्लीनरने त्याची मूठ फिरवीत राहावयाचे, असा तो प्रकार होता. म्हणजे गाडी जागच्या जागी उभी, इंजिन बंद, आणि पंख्याचा आवाज मात्र चालू! आज चार्जिंगच्या वेळी ज्याचे नवल वाटते तो प्रसंग आपल्या आजोबांच्या पिढीने रोज पाहिलेला होता. फरक इतकाच की तेव्हा पंखा फिरविणारा माणूस डोळ्यांसमोर घामाघूम झालेला दिसे, त्यामुळे 'हे काय वाजते' असे विचारण्याची पाळी कोणावर येत नसे. युद्ध संपले, पेट्रोल सुटले, आणि हा आवाज विस्मरणात गेला.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला राज्य परिवहनाची पहिली गाडी निघाली. त्या दिवशी उस्मानाबाद जिल्हा निजामाच्याच राज्यात होता. तो भारतात आला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, आणि मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. एस.टी.च्या डिझेल गाडीने जो कान घडविला तो आपणा सर्वांचा कान आहे. ज्या गाड्यांत इंजिन चालकाच्या शेजारी, पत्र्याच्या झाकणाखाली असे, त्यांत पुढे बसलेल्या उतारूला इंजिनाची ऊब पायांना आणि आवाज छातीत जाणवे. चालक आणि मिस्त्री हे दोघेही कानाने निदान करीत. टकटक म्हणजे व्हॉल्व्हकडे पाहा, खडखड म्हणजे काहीतरी ढिले आहे, चीं असा आवाज म्हणजे फॅनबेल्ट सैल झाला, घरघर म्हणजे बेअरिंग गेले. आयुर्वेदातील नाडीपरीक्षेशी ह्याची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु नाडीपरीक्षेला ग्रंथ होते, ह्या विद्येला नव्हते. ती उस्तादाकडून पोऱ्याकडे शब्दांच्या रूपाने गेली, आणि ते शब्द सगळे अनुकरणवाचक होते. मराठीत अशा शब्दांचा साठा मोठा आहे व त्यांना '-आट' प्रत्यय लावून नामेही करता येतात : खडखडाट, घणघणाट, दणदणाट. गिरणीच्या इंजिनाचे पुक्‌पुक् कानी आले की दळण घेऊन निघावे, नाही आले तर वीज किंवा तेल नाही असे समजावे, ही गावाची रीत होती. आवाज ही बातमी होती.

पंख्याचा आवाज इंजिनापासून प्रथम सुटला तो लहान मोटारींत. इंजिन आडवे बसविले की त्याच्या दांड्यावरून समोरच्या रेडिएटराचा पंखा फिरविणे अवघड जाते. म्हणून त्याला विजेची स्वतंत्र मोटर द्यावी लागली आणि उष्णतेने चालू-बंद होणारी कळ बसवावी लागली. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने हा प्रकार मध्यमवर्गाच्या अंगणात आणला. पुढे काही मोटारींत किल्ली काढून घेतल्यावरही पंखा थोडा वेळ फिरत राहू लागला. मालक परत येऊन दार उघडून पाही, काही वेळाने पंखा आपोआप थांबे, आणि गोष्ट तेथेच मिटे. ह्या लहानशा घटनेत पुढच्या सर्व घोटाळ्याचे बीज होते, कारण आवाज व गती ह्यांचे शंभर टक्के नाते प्रथम तेथे तुटले.

विजेच्या वाहनांचा इतिहास मात्र ह्याहून जुना आहे, आणि त्यात पंख्याचा आवाजही जुना आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेत विजेच्या मोटारी बऱ्याच प्रमाणात वापरात होत्या. त्यांच्या बॅटऱ्यांना एकदिश प्रवाह हवा आणि घराला मिळणारा प्रवाह प्रत्यावर्ती. त्यावर उपाय म्हणून पीटर कूपर ह्यूइट ह्यांनी १९०२ साली शोधलेला पाऱ्याच्या दीप्तीचा दिष्टकारी उपयोगात आला. काचेच्या मोठ्या फुग्यात पारा निळसर प्रकाशाने तळपत असे, आणि अशा फुग्यांतील मोठ्यांना खालून पंख्याने वारा घालावा लागे. चार्जिंग म्हणजे पंखा, ही जोडी शंभर वर्षांहून जुनी आहे.

महाराष्ट्रात वीज रस्त्यावर आली ती मुंबईच्या ट्रामने, १९०७ साली. रुळांवर आली ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ह्या मार्गावर. त्यानंतर कसारा व बोर ह्या घाटांसाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मालगाड्यांची ४१ विद्युत् इंजिने घेतली. काही स्वित्झर्लंडमधील विंटरटूर येथे व बाकीची इंग्लंडमध्ये बांधलेली. ह्या इंजिनांना रेल्वेच्या लोकांनी 'खेकडा' हे नाव दिले. नावाचे कारण असे सांगतात की ती उभी असताना कण्हल्यासारखा आणि चालतानाही चमत्कारिक आवाज करीत. उभे असलेले विजेचे इंजिन आवाज करते हे मराठी कानाने टिपल्याचा आणि त्यावरून नाव पाडल्याचा हा आपल्याकडील ठळक दाखला, म्हणून त्यापाशी थोडे थांबले पाहिजे.

शब्दाच्या दृष्टीने हे स्पष्टीकरण सरळ नाही. खेकडा हा मराठीत आवाजासाठी प्रसिद्ध असलेला प्राणी नव्हे. तो प्रसिद्ध आहे तो तिरप्या चालीसाठी आणि नांगीसाठी. चाकांना बाहेरून जोडलेल्या, खाली-वर होणाऱ्या दांड्या पाहून पायांचा भास होणे अधिक स्वाभाविक. तेव्हा नाव प्रथम रूपावरून पडले असावे आणि आवाजाचे कारण मागाहून चिकटले असावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चिकटले का, ह्याचेही उत्तर भाषेतच सुचते. 'खेकसणे' हे क्रियापद मराठीत आहे, आणि 'खेक' हा उच्चार कानाला कर्कश, तुटक आवाजाचा वाटतो. नाव रूपाचे असले तरी त्याचा ध्वनी त्या इंजिनाला शोभला. लोकव्युत्पत्ती अशीच काम करते. तिला खोटे म्हणून बाजूस सारण्यापेक्षा ती काय ऐकत होती हे पाहावे. तिने ऐकले ते हे की यंत्र जागेवर उभे आहे आणि तरी ते शांत नाही. चाके स्थिर असता आवाज येणार तो साहाय्यक यंत्रांचाच, हे तर्काने उघड आहे. ह्यांपैकी एक इंजिन मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात जतन केलेले आहे. पण ते आता मुके आहे, आणि त्याच्या नावाचा अर्थ लावण्यास पाहणारास डोळ्यांखेरीज साधन उरलेले नाही.

आता आजच्या गाडीकडे वळू. १ जून २०२२ रोजी, म्हणजे पहिल्या गाडीनंतर बरोबर ७४ वर्षांनी, राज्य परिवहनाची पहिली विजेची बस 'शिवाई' पुणे–अहमदनगर ह्याच मार्गावर धावली. (त्या नगरास आता अहिल्यानगर म्हणतात.) अशी गाडी चालताना डिझेलच्या गाडीपेक्षा कितीतरी शांत असते. इतकी की मंद गतीच्या विजेच्या वाहनांनी पादचाऱ्यास इशारा म्हणून मुद्दाम आवाज करावा, असा आंतरराष्ट्रीय नियम २०१६ साली अमलात आला. आणि हीच शांत गाडी उभी राहून वीज घेऊ लागली की गुरगुरू लागते. मोटारीच्या इतिहासातला हा उलटा न्याय आहे. चालताना मौन आणि उभे असताना वाचा.

कारण समजावून घेणे अवघड नाही. बॅटरीच्या सेलमधून प्रवाह जाताना अंतर्गत रोधामुळे उष्णता निर्माण होते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट. धावताना गाडी सरासरीने जितका प्रवाह घेते त्याच्या कितीतरी पट प्रवाह जलद चार्जिंगमध्ये सेलमध्ये शिरतो, आणि धावताना फुकट मिळणारा समोरचा वारा त्या वेळी नसतो. लिथियम-आयन सेलला साधारण १५ ते ३५ अंश सेल्सियसचे हवामान मानवते. ४५ अंशांपुढे चार्जिंग करू नये असे बहुतेक सेलांच्या बाबतीत बंधन असते. धाराशिव जिल्ह्यात मे महिन्यात हवाच ४० अंशांच्या घरात असते. ४० अंशांच्या वाऱ्याने कोणतीही वस्तू ३५ अंशांवर आणता येत नाही, हे सांगण्यास पदार्थविज्ञानाच्या पदवीची गरज नाही. त्यासाठी बॅटरीभोवती खेळविलेले पाणी शीतयंत्राने थंड करावे लागते, आणि त्या शीतयंत्राची उष्णता बाहेरच्या तापलेल्या हवेत फेकण्यासाठी पंखा जोराने फिरवावा लागतो. म्हणून एकच मोटार डिसेंबरात कुजबुजते आणि मे महिन्यात गर्जते. युरोपातल्या थंड अंगणात बसून लिहिलेली 'सौम्य गुंजन' अशी वर्णने येथे लागू पडणार नाहीत.

दुसरा आवाज गाडीचा नसतोच, तो चार्जरचा. ६० किलोवॅटचा चार्जर १०० पैकी ९५ भाग वीज गाडीला पोहोचवितो असे धरले तर सुमारे ३ किलोवॅट उष्णता त्याच्या पेटीतच राहते. स्नानाचे पाणी तापविण्याच्या १ किलोवॅटच्या तीन कांड्या एका कपाटात सतत चालू ठेवाव्यात, इतकी. ती पंख्यांनीच बाहेर काढावयाची असते. ह्याउलट घरच्या प्लगवरून सावकाश चार्ज होणाऱ्या स्कूटरच्या चार्जरपेटीत पंखा असला तरी तो तळहाताएवढा असतो. पण घरातला लहान आवाज रात्री मोठा होतो, आणि मग पेटीवर फडके टाकण्याची किंवा ती कपाटात सारण्याची बुद्धी होते. असे करणे धोक्याचे आहे. ज्या वाऱ्यासाठी आवाज आहे तोच त्यामुळे बंद होतो.

पंख्याच्या आवाजाचे गणित एका बाबतीत दिलासा देणारे आहे. पंख्याची गती निम्मी केली की वारा निम्मा होतो, परंतु आवाज ढोबळ मानाने १५ डेसिबेलने उतरतो आणि लागणारी शक्ती एक अष्टमांशावर येते. एकाऐवजी तसलेच दोन पंखे निम्म्या गतीने फिरविले तर दुसऱ्या पंख्यामुळे आवाज ३ डेसिबेलने वाढेल. तरी एकूण सुमारे १२ डेसिबेलची बचत उरेल. अर्थात हे वाऱ्याच्या वाटेत फारसा अडथळा नाही असे धरून. थोडक्यात, गोंगाट हा उष्णतेचा अटळ परिणाम नसून जागा व पैसा वाचविण्याचाही परिणाम आहे. मोठा पंखा सावकाश फिरवावयाचा तर पेटी मोठी लागते.

ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट दिसते. पंख्याच्या आवाजाचे दोन घटक असतात. एक, पाती हवा कापताना उठणारा खळबळीचा आवाज. त्यात सर्व कंप्रता मिसळलेल्या असतात. दुसरा, पाती एका ठराविक जागेवरून वारंवार गेल्याने उठणारा सूर : सात पात्यांचा पंखा मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० फेरे, म्हणजे २८० कंपनांचा स्वर. मानवी वाणीत नेमका हाच भेद अघोष घर्षक आणि घोष वर्ण ह्यांत आहे. 'स' उच्चारताना घर्षणाची खळबळ ऐकू येते, सूर नसतो. 'घ' अथवा अनुनासिक स्वरात कंठाचा कंप असतो. आणि मराठीचे अनुकरणवाचक शब्द पाहावेत : निव्वळ वाऱ्याला 'सूं सूं', 'सळसळ', सूर असलेल्या फिरत्या वस्तूला 'घूं घूं', 'घरघर', 'भणभण', 'घोंगावणे'. ह्या शब्दांची निवड स्वैर नाही. प्रयोगशाळेतील आलेख जो भेद दाखवितो तो बोलणाराने वर्णांच्या निवडीतच करून ठेवला आहे. मोटारीच्या पंख्याची पाती पुष्कळदा असमान अंतरावर बसवितात, ती हा सूर फोडून टाकण्यासाठीच. अभियंत्याचा सारा खटाटोप, मराठीत सांगावयाचे तर, 'घूं'चे 'सूं' करण्याचा आहे. जुन्या मिस्त्र्याचे निदानशास्त्रही येथे अगदीच टाकाऊ झालेले नाही : 'सूं'चे पुन्हा 'घर्र' झाले की जाळीत धूळ-कचरा साचला अथवा बेअरिंग झिजले. कडब्याच्या आणि ज्वारीच्या भुसाच्या दिवसांत ह्या पट्ट्यात ते ध्यानात ठेवावे.

कायद्याची स्थिती ह्या आवाजाबाबत विचित्र आहे. वाहनाच्या आवाजाची कसोटी घेतात ती मुख्यतः धावत्या गाडीची : गाडी वेग घेत पुढून जाते आणि साडेसात मीटरांवरचा मायक्रोफोन तिचा आवाज मोजतो. उभ्या गाडीची जी कसोटी आहे तिच्यात मायक्रोफोन सायलेन्सरच्या तोंडाशी धरतात. विजेच्या गाडीला सायलेन्सरच नाही. डिझेल जनित्रांना १ मीटरवर ७५ डेसिबेलची मर्यादा आहे. चार्जिंगच्या स्थानकाला शेवटी लागू पडतात ते २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबेल. ह्या नियमांच्या मराठी नावाकडेही पाहावे. इंग्रजीत नकोशा आवाजाला स्वतंत्र शब्द आहे. आपण 'ध्वनी' हा तटस्थ, किंबहुना पवित्र शब्द घेऊन त्याला 'प्रदूषण' जोडले. 'गोंगाट' हा शब्द हाताशी होता, पण गोंगाट माणसांचा असतो. यंत्राच्या अखंड, भावनाशून्य आवाजाला मराठीत एक नाव नाही. आणि ज्याला नाव नाही त्याची तक्रार अर्जात लिहिणे कठीण जाते.

ही तक्रार कोणाची असणार, हा माझ्या मते ह्या विषयातील खरा प्रश्न आहे. एस.टी.च्या व्यवस्थेत 'मुक्कामी गाडी' म्हणून एक संस्था आहे. रात्रीची शेवटची गाडी गावात येते, तेथेच राहते आणि पहाटे तालुक्याला अथवा जिल्ह्याला सुटते. शाळा-महाविद्यालयाची मुले, दूध, बाजाराला निघालेली माणसे, दवाखान्याचे रोगी ह्यांचा दिवस तिच्यावर उभा असतो. आणि चालक व वाहक पुष्कळदा त्या गाडीतच, बाकांवर अंथरूण टाकून झोपतात. हे शक्य होते ते डिझेलची गाडी रात्री पूर्ण मुकी असते म्हणून. तिचे पोट डेपोत भरलेले असते. मुक्कामाला तिला काही लागत नाही. विजेच्या गाडीचे तसे नाही. रात्र हीच तिच्या भरण्याची वेळ. पंखे एकदम सुरू होणार, थांबणार, पुन्हा सुरू होणार. आणि झोपेला अखंड आवाजापेक्षा असा तुटक आवाज अधिक बाधतो. दिवसभर वळणावळणाचा रस्ता ओढलेल्या माणसाची झोप ही प्रवाशांच्या सुरक्षिततेची बाब आहे, त्याच्या लाडाची नव्हे. जुन्या कचेरीतला पंखा ओढणारा ओसरीत जागा राही, तो साहेबाला झोप लागावी म्हणून. येथे गाडीला वारा मिळावा म्हणून गाडीवान जागा राहणार, अशी ही अदलाबदल होऊ पाहते.

आज तरी विजेच्या गाड्या मोठ्या स्थानकांवरच चार्जिंगला लागतात, त्यामुळे हा प्रश्न खेड्यापर्यंत आलेला नाही. पण आला म्हणजे काय, ह्याचा एक नमुना बैलगाडीच्या काळात सापडतो. बाजाराहून परतलेली गाडी सोडली की बैल धापा टाकीत उभे राहत, मग कडबा खात, मग रात्रभर रवंथ करीत. गोठा कधीच मुका नसे. जुन्या घरांत गोठा दारापाशी असला तरी झोपण्याची जागा त्यापासून वेगळी धरलेली असे. चार्जरची पेटी कोठे उभी करावी, तिच्या पंख्यांचे तोंड कोणत्या दिशेला असावे, आणि चालक-वाहकांची खोली तिच्यापासून किती हातांवर असावी, ह्या गोष्टी बसस्थानकाच्या नकाशावर आधी आखावयाच्या असतात. काँक्रीट पडल्यावर नव्हे. तेरखेड्याच्या रस्त्यावरील ते गृहस्थ प्रश्न विचारून गाडीच्या पुढच्या जाळीपाशी गेले, तळहात धरून वारा गरम आहे हे त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "धापा टाकायलीय."